मंदीतून सावरायला दूरदृष्टी लागते की थकवलेली बिले?

भोसरीकर: '२००८च्या मंदीत टाटा मोटर्सने जॅग्वार लँड रोव्हर तारून नेली, पुण्याजवळच्या भोसरी औद्योगिक वसाहतीतली वर्कशॉपे बुडाली, कारण मालकांना बदलायचेच नव्हते,' हे 'जमाखर्च' या टोपणनावाने लिहिणाऱ्यांचे विधान वाचून राहवले नाही. जूनमध्ये २.३ अब्ज डॉलर मोजून ती कंपनी घेतली, सप्टेंबरात लेहमन ही अमेरिकी बँक कोसळली आणि आर्थिक वर्षअखेर टाटा मोटर्सचा एकत्रित तोटा अडीच हजार कोटींवर गेला, तरी बँका कर्जफेडीसाठी थांबल्या. शिवाय केंद्राने डिसेंबरात उत्पादन शुल्क चार टक्क्यांनी उतरवले, जानेवारीत व्यापारी वाहनांना करात वाढीव घसारा दिला. आमच्यासाठी कोण थांबले? माझ्या ग्राहकाने (तो टाटा नव्हे, नाव घेत नाही) मालाचे शेड्यूल फोनवरच रद्द केले; तयार जॉब, म्हणजे घडवलेले सुटे भाग, क्रेटमध्ये गंज धरत पडले होते आणि सीएनसी या संगणकचलित यंत्राच्या कर्जाचा हप्ता मात्र न चुकता कापला जात होता.

जमाखर्च: राग समजतो, पण सगळा धंदा एकाच ग्राहकाच्या गळ्यात बांधायला तुम्हाला कोणी सांगितले होते? बजाज ऑटोच्या राजीव बजाज यांनी २००९मध्ये स्कूटर बंद करण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा खुद्द वडिलांची नाराजी पत्करली होती. निर्णय घेणे याला म्हणतात.

भोसरीकर: आणि बजाजची स्कूटर २०२०मध्ये चेतक या जुन्याच नावाने विजेवर परत आली! गाठीशी पैसा असला की निर्णय फिरवताही येतो. आमचा एक निर्णय चुकला की शेडला कुलूप.

नाशिकची लेखापाल: मूळ दुखणे दोघेही टाळत आहात. २००६च्या कायद्याप्रमाणे लघुउद्योगाचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते व्हायला हवे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट, तेही मासिक चक्रवाढीने, व्याज द्यावे लागते. हे व्याज प्रत्यक्ष हाती पडलेला एकही अशील मी पाहिलेला नाही, कारण तक्रार केली की पुढची ऑर्डर गेली. मंदी आली की मोठ्यांचे 'रोख व्यवस्थापन' म्हणजे आमची बिले अडवणे. १ एप्रिल २०२४पासून मुदतीत न दिलेल्या रकमेची प्राप्तिकरातली वजावट खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही, तर एका खरेदी खात्याने माझ्या अशिलाला थेट सुचवले, 'उद्यम नोंदणीच (लघुउद्योग म्हणून असलेली सरकारी नोंद) रद्द करून टाका.'

जमाखर्च: म्हणजे नेतृत्व शून्य आणि दोष सगळा खरेदी खात्याचा! बिल अडते हे मान्य. त्यासाठी मलाही हेलपाटे घालावे लागले आहेत. पण वेळेवर पैसे मिळाले असते, तर भोसरीकरांनी दुसरा ग्राहक शोधला असता का?

भोसरीकर: शोधला, महाशय. आज निम्मे काम पंपांच्या सुट्या भागांचे आहे. मात्र ते सुरू करायला भांडवल लागले, ते बायकोचे दागिने गहाण ठेवून उभे केले, कारण माझी बिले तेव्हा ग्राहकाच्या 'दूरदृष्टी'त अडकली होती.

नाशिकची लेखापाल: त्या बिलांवरचे व्याज मागितलेत का?

भोसरीकर: तो ग्राहक अजून माल घेतो, बाई.