लिबरऑफिसकडे जायचं की नाही? माझं मत: जायचं, आणि सुरुवात फाईलपासून करायची

ओळअक्षर (धागा सुरू करणारी)

मी भाषांतरं करते. गेल्या वर्षी कार्डाची मुदत संपली आणि माझ्या ऑफिस सॉफ्टवेअरची वर्गणी भरली गेली नाही. सॉफ्टवेअर उघडत होतं, फाईलही समोर दिसत होती, पण कर्सर ठेवून टाइप केलं तर अक्षर उमटेना. फक्त वाचायची मुभा. तीन दिवसांनी पैसे भरले गेले आणि सगळं पूर्ववत झालं, काहीही हरवलं नाही. तरी ते तीन दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत. अकरा वर्षांचं काम त्या फोल्डरमध्ये आहे. मीच लिहिलेल्या वाक्यातला स्वल्पविराम मला हलवता येत नव्हता.

त्यानंतर मी लिबरऑफिस या मुक्त, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, ऑफिस सॉफ्टवेअरवर आले. ‘फुकट आहे म्हणून घ्या’ असं मी कुणालाही सांगणार नाही. फुकटच हवं असेल तर गुगल डॉक्सही आहेच. पण तिथल्या दस्तऐवजाची संगणकावर दिसणारी फाईल उघडून बघा. आत मजकूर नसतो, नुसता पत्ता असतो. खातं बंद झालं की तुमच्या हातात तो पत्ताच उरतो. मुद्दाम दुसऱ्या फॉरमॅटमध्ये उतरवून घेतलं असेल तेवढंच तुमचं.

लिबरऑफिस मजकूर ओडीटी फाईलमध्ये, म्हणजे ओपनडॉक्युमेंट फॉरमॅटमध्ये ठेवतं. तिचं तसं नाही. हा फॉरमॅट २००५ मध्ये ओॲसिस या संस्थेने प्रमाण म्हणून मान्य केला आणि २००६ मध्ये तो आयएसओ २६३०० हे आंतरराष्ट्रीय प्रमाण झाला. फाईलच्या नावातलं ओडीटी खोडून झिप लिहा आणि उघडा. आत कंटेंट नावाची एक एक्सएमएल फाईल सापडेल आणि तिच्यात तुमची वाक्यं जशीच्या तशी वाचता येतील. तीस वर्षांनी आजचं एकही सॉफ्टवेअर शिल्लक नसलं तरी साध्या टेक्स्ट एडिटरने माझा मजकूर बाहेर काढता येईल. मी सॉफ्टवेअर बदललं ते एवढ्या एका गोष्टीसाठी.

तुमचं मत काय? विरोधी मतं मुद्दाम ऐकायची आहेत.

ताळेबंद

असहमत.

तुमचं काम मजकुराचं आहे, माझं आकड्यांचं. आमच्या कचेरीत बारा माणसं आहेत आणि महिनाअखेरीचं सगळं काम एक्सेलच्या मॅक्रोंवर, म्हणजे ठरावीक कामं आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रामांवर चालतं. त्यातले निम्मे मॅक्रो लिहिणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेला. हे मॅक्रो ज्या भाषेत लिहितात ती व्हीबीए लिबरऑफिस थोडीफार चालवतं, सगळी नाही. पॉवर क्वेरी या एक्सेलमधल्या माहिती गोळा करायच्या साधनाला तिथे जोड नाही. बँकेचे उतारे, विक्रीच्या नोंदी, तीन ठिकाणची माहिती रोज एकत्र ओढणारी साखळी मी पॉवर क्वेरीत बांधली आहे. ती पुन्हा बांधायला लागणाऱ्या महिन्यांचा पगार कोण देणार?

आणखी एक. वर्डच्या डॉकएक्स आणि एक्सेलच्या एक्सएलएसएक्स फाईलीही आत झिपच असतात, तुमचीच युक्ती तिथेही चालते. तोही आयएसओ प्रमाण आहे, २९५००, वर्ष २००८. मग फाईल माझी नाही असं कसं म्हणता?

मोठ्या प्रमाणावर असं मुक्त सॉफ्टवेअरकडे जाऊन पाहिलेलं गाव म्हणजे जर्मनीतलं म्युनिक. तेही परत फिरलं.

ओळअक्षर

झिपबद्दल तुमचं बरोबर आहे, मूळ लेखात मी ते लिहायला हवं होतं. फरक आहे तो प्रमाणाच्या आकाराचा आणि पाळण्याचा. २९५०० चा दस्तऐवज सहा हजारांहून अधिक पानांचा आहे आणि त्याचे दोन प्रकार आहेत: एक काटेकोर, दुसरा जुन्या सवयी पोटात घेणारा ‘ट्रान्झिशनल’. तुम्ही नुसतं सेव्ह दाबता तेव्हा दुसरा प्रकार लिहिला जातो. एवढं बाड पूर्ण वाचून दुसऱ्या कुणी हुबेहूब उघडणारं सॉफ्टवेअर लिहायचं म्हणजे किती कष्ट, याचा विचार करा.

मॅक्रोंबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्या जागी मीही ते हलवले नसते.

सर्व्हरवाला

म्युनिकचं नाव निघालं की चर्चा एका वाक्यात संपवली जाते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी सरकारी नाही, पण अशी दोन स्थलांतरं जवळून केली आहेत.

म्युनिकने २००३ मध्ये ठरवलं. लिमक्स नावाचा प्रकल्प २०१३ पर्यंत चालला आणि सुमारे पंधरा हजार संगणक विंडोजऐवजी लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर गेले. पत्रांचे साचे आणि अर्ज सांभाळायला त्यांनी वोलमक्स नावाचं स्वतःचं साधन लिहिलं आणि तेही मुक्त ठेवलं. २०१७ मध्ये नगरपरिषदेने विंडोजकडे परत जायचा ठराव केला. म्हणजे यंत्रं दहा वर्षं चालली, शहर बंद पडलं नाही. कारणांवर आजही वाद आहे: कुणी सॉफ्टवेअरला दोष देतं, कुणी विखुरलेल्या आयटी विभागांना, कुणी राजकारणाला. माझा अनुभव यातल्या दुसऱ्या कारणाकडे बोट दाखवतो. माणसं वैतागतात ती बहुतेक वेळा प्रिंटरवर, पासवर्डवर आणि मदतीला कुणी नसण्यावर, आणि तो राग समोर दिसणाऱ्या नव्या आयकॉनवर निघतो.

म्युनिकच्या शेजारी ठेवायची दोन उदाहरणं. फ्रान्सचं जाँदार्मरी हे पोलीस दल २००५ मध्ये ओपनऑफिसवर (लिबरऑफिस ज्यातून निघालं ते सॉफ्टवेअर) गेलं, तेव्हा खाली विंडोजच होतं. लिनक्सकडे त्यांनी २००८ पासून वळायला सुरुवात केली. आधी रोजची साधनं बदलली, खालची ऑपरेटिंग सिस्टिम नंतर. दुसरं, जर्मनीतलंच श्लेस्विग-होल्श्टाइन राज्य. २०२४ मध्ये त्यांनी सुमारे तीस हजार संगणकांवर लिबरऑफिस आणायचं जाहीर केलं. त्यांनी दिलेल्या कारणांत पैशाइतकाच डिजिटल सार्वभौमत्वाला मान होता, म्हणजे राज्याच्या कागदपत्रांवर दुसऱ्याचा ताबा नको.

ताळेबंद, तुमच्या मॅक्रोंची धास्ती खरी आहे. पण ते लिहिणारा माणूस गेला आणि आता कुणालाच ते कळत नाहीत, हे तुम्हीच सांगितलंत. मला ती गोष्ट कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा मोठा धोका वाटते.

पानकोर

मी संपादन करते. बारा-पंधरा लेखक, प्रत्येकाशी ट्रॅक चेंजेसवर (केलेला प्रत्येक बदल खुणेसह दिसतो ती सोय) चार-पाच फेऱ्या. या धाग्यात कुणी बोललेलं नाही ते हे, की फाईल माझी एकटीची नसते. ती सतत या हातातून त्या हातात जात असते. समोरचा वर्डमध्ये, मी लिबरऑफिसच्या रायटरमध्ये. पहिल्या फेरीत सगळं नीट. तिसऱ्या फेरीत क्रमांकांची यादी पुन्हा एकपासून सुरू, तळटीप पुढच्या पानावर, आणि लेखक विचारतो, “तुम्ही हे का बदललं?” मी काहीच बदललेलं नसतं. त्याचा माझ्यावरचा विश्वास कमी होतो, त्याची भरपाई कोणतंच आयएसओ प्रमाण करत नाही.

ओळअक्षर एकटी काम करते, म्हणून तिला हे सोपं गेलं. स्वातंत्र्य मलाही हवं आहे, पण माझ्या स्वातंत्र्याचा त्रास लेखकांनी का सोसायचा?

ओळअक्षर

हा आक्षेप मला सर्वांत जास्त लागला, कारण तो खरा आहे.

मी करते ते सांगते. मूळ प्रत ओडीटीत ठेवते. दुसऱ्याकडे जायची प्रत डॉकएक्समध्ये काढते आणि फेऱ्या संपेपर्यंत त्याच एका प्रतीवर काम करते, दर वेळी इकडून तिकडे बदलत नाही. अंतिम मजकूर पुन्हा मूळ प्रतीत आणते. ज्याला फक्त वाचायचं आहे त्याला पीडीएफ. आणि निम्मी मोडतोड फॉन्टमुळे होते हे उशिरा कळलं. समोरच्याने कॅलिब्री वापरला आणि माझ्याकडे तो नसला, तर ओळी वेगळ्या तुटतात आणि पानं सरकतात. कार्लिटो हा मुक्त फॉन्ट कॅलिब्रीच्याच मापाचा आहे, कॅलाडिया कँब्रियाच्या मापाचा, आणि लिबरेशनचे फॉन्ट एरिअल आणि टाइम्स न्यू रोमनच्या मापाचे. तेवढे बसवून घ्या.

मराठीसाठी एक जास्तीची पायरी. लिबरऑफिस रोमन आणि देवनागरी मजकुराचे फॉन्ट वेगवेगळे लक्षात ठेवतं. भाषेच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट (देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) चालू करून तिथे देवनागरी फॉन्ट ठरवला नाही, तर वर फॉन्टचं नाव बदलत राहतं आणि मजकूर तसाच दिसतो. पहिल्या आठवड्यात सोडून देणारी कितीतरी माणसं याच जागी अडतात.

दमडी

सगळे स्वातंत्र्यावर बोलताहेत, पोटापाण्यावर कुणी नाही. हे सॉफ्टवेअर लिहितं कोण? लिबरऑफिसमधला मोठा वाटा कोलॅबोरासारख्या कंपन्यांत पगारावर असलेल्या लोकांचा आहे. लिबरऑफिसमागची संस्था, डॉक्युमेंट फाउंडेशन, देणग्यांवर चालते. लिनक्स पुरवणाऱ्या रेड हॅट कंपनीने २०२३ मध्ये सांगितलं की आपल्या पुढच्या लिनक्स आवृत्त्यांत लिबरऑफिसचं पॅकेज आपण सांभाळणार नाही. एक मोठा हात निघून गेला. उद्या दुसरा गेला तर? वर्गणी घेणारी कंपनी निदान पैशापायी तरी जागी राहते.

सर्व्हरवाला

हा प्रसंग एकदा येऊन गेला आहे. मूळ स्टारऑफिस जर्मनीतल्या एका कंपनीचं. १९९९ मध्ये सन या संगणक कंपनीने ते विकत घेतलं, २००० मध्ये कोड खुला केला, त्यातून ओपनऑफिस झालं. २०१० मध्ये सनच ओरॅकलकडे गेली. विकासकांना भवितव्य दिसेना, तेव्हा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी कोड उचलला आणि लिबरऑफिस या नावाने पुढे चालू केलं. कुणाची परवानगी लागली नाही, कारण परवान्यातच तो हक्क होता. बंद सॉफ्टवेअरचा मालक बदलला तर वापरणाऱ्यांच्या हातात यातलं काहीच नसतं.

जाता जाता, ओपनऑफिस या नावाने अजूनही एक सॉफ्टवेअर मिळतं. ते अपाची या संस्थेकडे आहे, त्याची ४.१ ही मालिका २०१४ पासून तीच आहे. जुन्या ओळखीने ते उतरवून घेऊ नका.

पैशाबद्दल मात्र दमडींशी पूर्ण सहमत. कचेरीने वर्गणी वाचवली तर त्यातला वाटा देणगीत किंवा सपोर्टच्या करारात घातला पाहिजे. मी माझ्या दोन्ही ठिकाणी तो घालायला लावला.

ताळेबंद

परत आलो. एक्सेलबद्दल इथे जरा अन्याय होतो आहे असं वाटलं म्हणून. हिशेबाच्या जगाने चार दशकं ज्या साधनावर विश्वास टाकला, त्याला काही कारण असेल ना?

सर्व्हरवाला

कारण आहेच, ते उत्तम साधन आहे. पण ते वर कसं आलं ते पाहा. तेव्हा बाजार लोटस १-२-३ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा होता. लोटस १९०० हे लीप वर्ष धरायचं, जे चूक आहे, त्या वर्षी २९ फेब्रुवारी नव्हताच. लोटसच्या फाईली जशाच्या तशा चालाव्यात म्हणून एक्सेलने ती चूक जाणूनबुजून उचलली. आजही एका कोऱ्या पेशीत ६० लिहा आणि तारखेचं रूप द्या, २९ फेब्रुवारी १९०० दिसेल. पुढे २९५०० हे प्रमाण लिहिलं गेलं तेव्हा ती चूक त्यातही गेली.

एक्सेलसुद्धा एकेकाळी ‘पर्याय’च होतं आणि दुसऱ्याच्या फाईली उघडता आल्या म्हणून लोक त्याच्याकडे येऊ शकले. आज पर्याय शोधणाऱ्यांना तेवढीच वाट हवी आहे.

आणि सवय उलटी कशी फिरते तेही बघा. सेप्ट१, मार्च१ अशी जनुकांची नावं एक्सेल तारखा समजून बदलायचं. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली.

ताळेबंद

६० लिहून पाहिलं. खरंच दिसतं. पंचवीस वर्षं हे वापरतो, माहीत नव्हतं.

जनुकांचं उदाहरण मात्र पूर्ण सांगा. २०२३ मध्ये ते आपोआप बदलणं बंद करायची सोय एक्सेलमध्ये आली. आणि स्तंभ आधी टेक्स्ट केला असता तर तेव्हाही बिघडलं नसतं.

माझी भूमिका थोडी सरकली आहे, ती लिहितो. महिनाअखेरीच्या वह्या मी हलवणार नाही. पण कचेरीतल्या बारापैकी आठ जण फक्त पत्रं लिहितात, इतिवृत्तं लिहितात, साध्या याद्या करतात. त्यांना मॅक्रो कशाशी खातात हेही ठाऊक नाही, आणि आठही जणांची वर्गणी आम्ही भरतो. त्यातल्या दोघांना एक तिमाही लिबरऑफिसवर काम करू देतो. मॅक्रो लिहिणाऱ्या माणसाबद्दल सर्व्हरवाला म्हणाले ते मात्र जिव्हारी लागलं. ते आधी हाती घेणार: प्रत्येक मॅक्रो काय करतो ते साध्या मराठीत लिहून काढायचं.

पानकोर

मी आज एक प्रयोग केला. तळटीपा, दोन तक्ते, सव्वीस शेरे असलेलं एक प्रकरण घेतलं. कार्लिटो बसवला, एकाच डॉकएक्स प्रतीवर एका लेखकासोबत तीन फेऱ्या केल्या. शेरे सगळे टिकले, नावांसकट. तळटीपा जागेवर. यादीचे क्रमांकही राहिले. दुसऱ्या तक्त्यातल्या स्तंभांची रुंदी मात्र तिसऱ्या फेरीत बदलली आणि शेवटचा स्तंभ पानाबाहेर गेला.

म्हणजे माझा आक्षेप अर्धा उरला. तक्त्यांवर कुणाकडे उपाय आहे का?

ओळअक्षर

तक्त्याच्या गुणधर्मांत रुंदी टक्क्यांत आहे की सेंटिमीटरमध्ये, ते दोन्हीकडे पाहा. टक्क्यांत असेल तर सेंटिमीटरमध्ये पक्की करून चौथी फेरी करून बघा. तरी सरकलं तर मजकूर काढून टाकलेली कोरी प्रत इथे द्या, मी आणि सर्व्हरवाला दोघंही उघडून पाहतो. चूक रायटरची निघाली तर त्याच प्रतीसह नोंदवू, म्हणजे ती दुरुस्त करणाऱ्याच्या हातात नमुना असेल.