आनंद मेळाव्यात तर्री-पोह्याचा स्टॉल : 200 प्लेटचं प्रमाण आणि मांडणी कशी ठेवावी?

सेकंडइयर_स्टॉलकमिटी
गॅदरिंगच्या आनंद मेळाव्यात आमच्या वर्गाला खाण्याचा स्टॉल मिळाला आहे. वेळ सकाळी 11 ते 2. तर्री-पोहे (पोह्यांवर काळ्या चण्यांचा तिखट रस्सा) ठरले आहेत, अंदाजे 200 प्लेट. घरचं प्रमाण 50 पटीने वाढवून चालत नाही असं सगळे सांगतात. पोहे, चणे, तेल किती घ्यावं? कोणतं काम आदल्या रात्री आणि कोणतं सकाळी? गॅस कॉलेजच्या व्हरांड्यात लावता येईल का?

इतवारी_किराणा
आधी पोहे. जाडे पोहेच घ्या, पातळ पोह्यांवर तर्री पडली की लगदा होतो. स्टॉलच्या प्लेटला कोरडे 60 ग्रॅम धरा, म्हणजे 200 प्लेटला 12 किलो. भिजून वजन साधारण दुप्पट होतं, त्यात कांदा-तेल आलं की प्लेट भरलेली दिसते. दर किलो पोह्याला 300 ग्रॅम कांदा, 150 मिली तेल, 50 ग्रॅम हिरवी मिरची, 10 ग्रॅम हळद, 25 ग्रॅम मीठ. मीठ-हळद पोहे धुतल्यावर त्यांनाच चोळा, फोडणीत टाकली तर 3 किलोच्या घाण्यात सारखी पसरत नाही.

12 किलो एकदम करू नका. 3-3 किलोचे चार घाणे, एका घाण्यात 50 प्लेट. धुणं म्हणजे चाळणीत पाणी ओतून लगेच निथळणं. पाण्यात बुडवून ठेवले तर गोळे होणारच. निथळल्यावर 10 मिनिटं झाकून ठेवा, मग फोडणीत घाला आणि सपाट झाऱ्याने तळापासून वर उचला. गोल गोल ढवळलं की पोहे मोडतात. झालेला घाणा उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर झाकून ठेवा, थेट आचेवर नाही. तरी कोरडे पडले तर गरम पाण्याचा हबका मारा.

वरून घालायला बारीक चिरलेला कच्चा कांदा 3 किलो, लिंबू 50 (एकाच्या चार फोडी), कोथिंबीर. कांदा नागपूरच्या कळमना बाजारात घाऊक मिळतो, पण एवढ्याशा मालासाठी तिकडे जाण्यात वेळ जातो, कॉटन मार्केट पुरे.

तर्री_कमी_नको
पोहे कोणीही करेल बाप्पा, स्टॉल चालतो तर्रीवर. आणि नागपुरात एकदा घेतलेल्या तर्रीवर कोणी थांबत नाही, "अजून तर्री" म्हणतोच. पहिल्या वेळी 80 मिली आणि अर्धे लोक तेवढीच परत मागतात असं धरलं तर 24 लिटर लागते. ती मोजूनच करा, संपत आली म्हणून ऐनवेळी पाणी वाढवलं की चव तिथेच गेली.

काळे चणे 5 किलो, आदल्या रात्री 9 वाजता भिजवा. फुगून दुप्पट होतात, म्हणून पातेलं मोठं घ्या. सकाळी 6 ला शिजायला लावा. 10 लिटरच्या कुकरमध्ये चणे अर्ध्याच्या वर भरता येत नाही, चार खेपा कराव्या लागते. त्यापेक्षा मोठ्या पातेल्यात मीठ घालून झाकण ठेवून शिजवलेले बरे, दीड-दोन तास लागते. सोडा घालू नका, साल सुटून रस्सा गढूळ होतो. शिजवलेलं पाणी फेकायचं नाही, तेच रस्स्यात जाते.

मसाल्याला कांदा 4 किलो, लसूण 500 ग्रॅम, आलं 300, सुकं खोबरं 750, खसखस 100, धणेपूड 300, तिखट 350 ग्रॅम, तेल 3 लिटर. भिवापुरी मिरची मिळाली तर घ्याच, आपल्या जिल्ह्याची आहे आणि तिला भौगोलिक मानांकनही आहे.

आता तर्री, म्हणजे रस्स्यावरचं लाल तेल, वर का येत नाही ते ऐका. कांदा-खोबऱ्याचं वाटण तेल सुटेपर्यंत परतलं नाही, हे पहिलं कारण. एवढ्या वाटणाला 40-45 मिनिटं द्या. दुसरं, वरून थंड पाणी ओतलं. उकळतंच पाणी घाला. तिसरं, शेवटपर्यंत मोठी आच ठेवली. खदखदून तेल रस्स्यातच मिसळून राहते. सगळं एकत्र झाल्यावर अर्धा तास मंद आचेवर ठेवा, ढवळू नका, लाल तेल आपोआप वर येईल. तिखट टाकताना आच बंद करून तेलात टाका आणि लगेच वाटीभर पाणी घाला, जळालेलं तिखट काळं होते आणि कडू लागते. मीठ आधी कमी ठेवा. तीन तास आटत गेल्यावर खारट होते.

रस्सा आदल्या रात्री करून ठेवू नका. खोबरं-वाटणाचा रस्सा एवढ्या मोठ्या पातेल्यात लवकर थंड होत नाही आणि आंबतो. रात्री फक्त चणे भिजवा, लसूण सोला. कांदा पहाटे चिरा.

मेळावा_माजी_समन्वयक
गॅसचं सांगते. व्हरांड्यात नको, मंडपाच्या कापडाखाली तर अजिबात नको. उघड्यावर, सिलेंडर उभा, सावलीत, शेगडीपासून नळीच्या लांबीएवढा दूर. 14.2 किलोचा घरगुती सिलेंडर विक्रीच्या स्टॉलला वापरायला परवानगी नाही, 19 किलोचा व्यावसायिक घ्या. एक बादली वाळू आणि अग्निशामक जवळ ठेवा, आणि चालू शेगडीपाशी एक माणूस बसलाच पाहिजे. ओढणी, सैल बाह्या असलेल्यांना त्या बाजूला उभं करू नका.

पैसे घेणारा हात अन्नाला लागू नये, म्हणून कुपनचं टेबल चार-पाच पावलं आधी ठेवा. वाढायला तिघं: एक पोहे, एक तर्री, एक कांदा-लिंबू. तर्री गिऱ्हाईक समोर आल्यावरच घाला, आधी भरून ठेवलेल्या प्लेटा दोन मिनिटांत फुगतात. पानाचा द्रोण तर्रीला गळतो, खोलगट पुठ्ठ्याची प्लेट बरी.

सेकंडइयर_स्टॉलकमिटी
ताई, दादा, खूप आभार. अजून एक: पहिला घाणा किती वाजता? आणि तर्रीचं पातेलं किती लिटरचं?

तर्री_कमी_नको
पातेलं 35 ते 40 लिटरचं, वर जागा मोकळी हवी. जाड बुडाचं असेल तरच घ्या, नाहीतर वाटण लागते. पोह्याचा पहिला घाणा 10:40 ला, दुसरा अर्धा संपला की तिसऱ्याची फोडणी टाका. चौथ्याचे पोहे मात्र गर्दी पाहूनच धुवा. कोरडे उरले तर परत करता येते, धुतलेले नाही.