दक्षिण आफ्रिका: घटनेतला शिक्षणाचा बिनशर्त हक्क आणि करारातली 'उपलब्ध साधनसंपत्ती'ची सवलत

कलमवाचक:
दक्षिण आफ्रिकेच्या घटनेच्या कलम २९(१)(अ) नुसार मूलभूत शिक्षण हा प्रत्येकाचा हक्क आहे आणि त्याला कसलीही अट नाही. पण जानेवारी २०१५ मध्ये आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील होताना सरकारने एक निवेदन जोडलं. त्यानुसार अनुच्छेद १३(२)(अ) आणि १४ मधला हक्क राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत आणि उपलब्ध साधनसंपत्तीनुसार टप्प्याटप्प्याने अमलात येणार आहे. उद्या एखाद्या प्रांताचं शिक्षण खातं या निवेदनाच्या आड लपलं, तर कोर्टात ते टिकेल का?

हक्कमीमांसा:
नाही टिकणार. आधी घटनेची भाषा बघा. घर (कलम २६) आणि आरोग्यसेवा (कलम २७) यांच्यापुढे 'उपलब्ध साधनसंपत्तीच्या मर्यादेत' हे शब्द आहेत. २९(१)(अ) मध्ये ते मुद्दामच नाहीत. २०११ च्या जुमा मस्जिद शाळेच्या निकालात देशाच्या घटना न्यायालयाने हाच फरक पकडला: हा हक्क तत्काळ लागू होणारा आहे, आणि त्याला मुरड घालायची तर कलम ३६ च्या कसोटीला (हक्कावरची मर्यादा वाजवी आणि समर्थनीय आहे का) उतरणारा, सर्वांना सारखा लागू होणारा कायदाच हवा. बजेट कमी पडलं म्हणजे कायदा झाला असं होत नाही.

दुसरं, करारातच अनुच्छेद ५(२) आहे. करारात एखादा हक्क कमी प्रमाणात मान्य झाला आहे या सबबीवर देशांतर्गत कायद्यातला मोठा हक्क कमी करता येत नाही. म्हणजे निवेदन कितीही सैल असलं तरी घटनेची पातळी खाली येत नाही. कोर्टात मांडताना क्रमही हाच ठेवा: आधी कलम २९, मग कलम ३९(१)(ब), ज्यानुसार हक्कांचा अर्थ लावताना कोर्टाने आंतरराष्ट्रीय कायदा विचारात घ्यायलाच हवा. थेट करारावर दावा उभा केला तर कलम २३१(४) आडवं येतं, कारण संसदेने कायदा करून उतरवल्याशिवाय करार देशांतर्गत कायदा होत नाही. अनेक अर्ज इथेच अडखळतात.

निवेदनाचा खरा फटका 'मोफत' या शब्दाला बसतो. करार प्राथमिक शिक्षण सर्वांना सक्तीचं आणि मोफत म्हणतो, तर कलम २९ मध्ये 'मोफत' हा शब्दच नाही. त्या देशात फी घेणाऱ्या सरकारी शाळा आजही आहेत त्या यामुळेच. तिथे आफ्रिकी बालहक्क सनदेचा अनुच्छेद ११(३)(अ) जोडा. त्यात मोफत आणि सक्तीचं मूलभूत शिक्षण स्पष्ट लिहिलंय आणि दक्षिण आफ्रिका २००० पासून त्या सनदेने बांधली गेली आहे.

फीमाफी_मदत:
फीचा विषय निघालाच आहे तर हिशेब देतो, कारण पालक हरतात ते बहुतेक वेळा इथे. फीमाफीच्या २००६ च्या नियमांत सूत्र असं: वार्षिक फी अधिक शाळेने मागितलेली जादा वर्गणी, भागिले दोन्ही पालकांचं मिळून वार्षिक ढोबळ उत्पन्न, गुणिले १००. उत्तर १० किंवा जास्त आलं तर पूर्ण माफी. २ ते १० च्या मध्ये आलं तर मुलांच्या संख्येनुसार अंशतः माफी.

समजा फी १८,००० रँड (तिथलं चलन) आणि उत्पन्न २,००,००० रँड. नुसत्या फीवर उत्तर येतं ९, म्हणजे अंशतः माफी. पण शाळेने उपक्रमांसाठी ३,००० रँड वेगळे मागितले असतील तर ते धरून १०.५ होतं, म्हणजे पूर्ण माफी. ही जादा वर्गणी अर्जात लिहायची राहून जाते. पावत्या जोडाच. मुलाच्या नावावर सामाजिक अनुदान मिळत असेल तर सूत्राची गरजच नाही, माफी आपोआप मिळते. शाळेच्या नियामक मंडळाने नकार दिला तर कळवल्यापासून ३० दिवसांत प्रांतीय खात्याच्या प्रमुखाकडे अपील करा.

कलमवाचक:
आणि फी थकली म्हणून प्रगतिपुस्तक अडवलं तर?

फीमाफी_मदत:
सरळ बेकायदा. १९९६ च्या शाळा कायद्याचं कलम ४१(७) प्रगतिपुस्तक आणि शाळा बदलण्याचा दाखला, दोन्हींचं नाव घेऊन मनाई करतं. वर्गाबाहेर काढणं, खेळात न घेणं हेही त्यातच येतं. फी वसुलीसाठी पालकावर दावा लावता येतो, तोही माफीचा हक्क आधी तपासूनच. मुलाला वेठीस धरता येत नाही. प्रवेशही फीअभावी नाकारता येत नाही, कलम ५(३).

बाक_आणि_पुस्तकं:
'पैसे नाहीत' या उत्तराचा कोर्टात काय निकाल लागतो ते ईस्टर्न केप प्रांतातल्या बाकांच्या खटल्यात दिसतं (माद्झोद्झो, २०१४). मुलं जमिनीवर बसून किंवा एकाच बाकावर दाटीने लिहीत होती. कोर्टाने बाक-खुर्ची हा हक्काचाच भाग मानला. लिम्पोपो प्रांतातल्या पाठ्यपुस्तकांच्या खटल्यात २०१५ ला सर्वोच्च अपील न्यायालयाने तेच केलं: प्रत्येक मुलाला प्रत्येक विषयाचं पुस्तक, एकही मूल सुटता कामा नये. २०१८ मध्ये भिशोच्या (ईस्टर्न केपची राजधानी) कोर्टाने शाळा-इमारतींच्या २०१३ च्या निकषांतली पळवाटही रद्द केली. जबाबदारी इतर सरकारी यंत्रणांच्या निधीवर आणि सहकार्यावर ढकलणारं ते कलम होतं.

घसरतं ते पुढे, अंमलबजावणीत. खात्याचे आकडे आणि शाळेतली स्थिती जुळत नाही. नुसतं 'हक्काचा भंग झाला' असं जाहीर करून घेतलं तर पुढच्या वर्षी परत कोर्टाची पायरी चढावी लागते. म्हणून मागणीतच शाळावार यादी, स्वतंत्र तपासणी, ठराविक तारीख आणि कोर्टाकडे वेळोवेळी शपथपत्रावर अहवाल, हे चारही मागा. मुख्याध्यापकांकडून इयत्तावार पटसंख्या आणि वापरता येण्याजोगे बाक किती, हे लेखी घ्या. मोडके बाक मोजणीत धरले की तुटवडा कागदावरून नाहीसा होतो, हे तपासणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.