मदत हवी आहे: मिनीडीव्हीच्या व्हिडिओतल्या कंगव्यासारख्या रेघा

जुन्या मिनीडीव्ही टेपा (कॅमकॉर्डरच्या छोट्या डिजिटल कॅसेट) फायरवायर केबलने संगणकावर घेतल्या. पाल (टीव्हीची एक पद्धत), ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळींची दोन फील्डं (वरचं आणि खालचं) मिळून एक फ्रेम. कोणी हललं की कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा येतात. स्थिर दृश्य स्वच्छ दिसतं.

एफएफएमपेग या मोफत प्रोग्रॅममध्ये यादिफ हा इंटरलेसिंग काढणारा फिल्टर लावला. रेघा गेल्या, पण हालचाल अडखळते. मग प्रत्येक फील्डची वेगळी फ्रेम करून सेकंदाला ५० फ्रेम केल्या, तर माणसं दोन पावलं पुढे, एक मागे! फील्डचा क्रम उलटा धरला गेलाय असा संशय आहे. डीव्हीत खालचं फील्ड आधी असतं, माझ्या फाइलवर मात्र वरचं आधी अशी नोंद दिसते.

मूळ फाइली शाबूत आहेत, आकार बदललेला नाही. वेळ लागला तरी चालेल, विकतचं सॉफ्टवेअर नको. यादिफमध्ये पॅरिटी (कोणतं फील्ड आधी, ही सेटिंग) बदलणं पुरेल, की आधी फाइलमधली नोंदच दुरुस्त करावी लागेल?