भाकरी सोडायची का? (माहेरच्या ग्रुपवर)

मी: सगळ्यांना नमस्कार. काल माझा रिपोर्ट आला. तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ६.२ निघाली. ५.७ ते ६.४ म्हणजे डायबेटिस नाही, पण उंबरठ्यावर उभं राहिल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, गोळी आत्ता नको, आधी खाणं आणि चालणं सुधारा. जिममधल्या सरांनी पॅलिओ डाएटचा कागद दिलाय. मी यात अगदी नवखी आहे. कुणाला काही माहिती असेल तर सांगा.

मी: कागदावरचं थोडक्यात लिहिते. बंद: ज्वारी, गहू, तांदूळ, बाजरी, सगळ्या डाळी, शेंगदाणे, सोयाबीन, दूध-दही-ताक, साखर, गूळ, पाकिटातलं सगळं. चालू: मटण, मासे, अंडी, सगळ्या भाज्या, फळं, बदाम-अक्रोड, तीळ, जवस, रताळं.

आई: म्हणजे एकादशीच की गं.

मी: आई, मलाही आधी तसंच वाटलं. पण उपवासाला शेंगदाणे, दूध आणि भगर चालते, यात तिन्ही बंद. आणि उपवासाला न चालणारा कांदा-लसूण यात चालतो.

आत्या (अंबाजोगाई): एकादशी नव्हं माय. ही तर ऋषीपंचमी झाली. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नसतं त्या दिवशी. नांगरलेल्या रानातलं धान्य नाही, डाळ नाही. परसात हातानं लावलेलं नाहीतर आपोआप उगवलेलं तेवढंच. चाळीस वर्षं झाले धरायलेय मी.

मी: आत्या, कागद चार वेळा वाचूनही मला जे उमगलं नव्हतं ते तुम्ही एका ओळीत सांगितलंत. नांगराच्या आधीचं जेवण. अगदी हेच आहे ते.

भाचा (पुणे): आजी बरोबर बोलल्या. मावशी, नावच तिथून आलंय. पॅलिओलिथिक म्हणजे पुराश्मयुग, दगडी हत्यारांचा काळ. साधारण २५ लाख वर्षांपूर्वीपासून सुमारे १२ हजार वर्षांपूर्वीपर्यंत, म्हणजे शेती सुरू होईपर्यंत. १९८५ साली बॉइड ईटन आणि मेल्व्हिन कॉनर या दोघांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये लेख लिहिला. माणसाचं शरीर शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून खाण्यावर घडलं, खाणं मात्र फार झपाट्यानं बदललं, आजचे बरेच आजार त्यातून येतात, असं त्यांचं म्हणणं. पुढं २००२ मध्ये लॉरेन कॉर्डेन यांचं पुस्तक आलं आणि हा आहार लोकांच्या तोंडी झाला.

काका (परभणी): धान्यच सोडा म्हणलं तर आम्ही पेरावं कामून? पिढ्यान् पिढ्या ज्वारीवर जगलो आपण. तुझे आजोबा नव्वदीत गेले, दोन्ही वेळा भाकरी खाऊन.

दादा: काका, आजोबा दिवसभर औतामागं चालायचे. आम्ही दिवसभर खुर्चीवर.

काका: ते खरं हाय बाबा.

भाचा (पुणे): मावशी, अजून एक गोष्ट, कारण कागदावर ही नसणार. त्या काळात सगळीकडं एकसारखं जेवण नव्हतंच. बर्फाळ भागातली माणसं मांस-मासळीवर, उष्ण भागातली कंद, फळं, मधावर. आणि धान्याला कुणी शिवतच नव्हतं हेही खरं नाही. इटली, रशिया आणि झेकमध्ये सुमारे ३० हजार वर्षांपूर्वीच्या दळायच्या दगडांवर वनस्पतींच्या पिठाचे कण मिळालेत, त्यात पाणकणसाच्या मुळांचेही आहेत. जॉर्डनमध्ये १४,४०० वर्षांपूर्वीच्या चुलीत भाकरीचे जळके तुकडे सापडले. शेती त्यानंतर हजारो वर्षांनी आली.

आई: म्हणजे नांगराच्या आधी भाकरी होती?

भाचा (पुणे): हो आजी. रानटी धान्य वेचून, दळून, भाजून खायचे. आणि दगडी हत्यारं आपल्या गोदाकाठीही सापडलीत, पैठणजवळ मुंगी गावाला. नेवाशाला तर डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ सांकलिया सरांनी १९५० च्या दशकात उत्खनन केलं होतं.

काका (परभणी): आता माझं ऐका. माझ्या गळ्यात तुळशीची माळ. अंडं नाही, मटण नाही, मासळी नाही. या कागदातून डाळ अन् दही काढलं तर माझ्या ताटात पालेभाजी अन् बदाम उरतेत. त्यावर औत धरायचं का?

वहिनी: काका, तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. दवाखान्यात नर्स म्हणून रोज बघते म्हणून लिहिते, जरा लांब होईल. हा आहार जिथं तयार झाला तिथं मांस-मासे रोजचे. म्हणून डाळ आणि दूध काढलं तरी प्रोटीन भरून निघतं. आपल्या शाकाहारी घरात प्रोटीन येतं तेच मुळी डाळ, दही आणि थोडं भाकरीतून. शंभर ग्रॅम तुरीच्या डाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रोटीन, शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात १० च्या आसपास, एका अंड्यात ६. ज्वारीत लायसिन नावाचा घटक कमी, तो डाळीत भरपूर. डाळीत जो कमी तो ज्वारीत. म्हणून भाकरीबरोबर वरण खायची आपली रीत शरीराच्या कामाचीच आहे. माळकऱ्यानं पॅलिओ करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वहिनी: आणि चाळिशीनंतर बाईनं दूध-दही बंद करून कॅल्शियमचं काहीच बघितलं नाही, तर हाडांची पंचाईत. तीळ, राजगिऱ्याचा पाला, शेवग्याचा पाला रोज पोटात गेला पाहिजे.

मी: वहिनी, मी अंडी आणि मासे खाते, त्यामुळं मला तितकं अवघड नाही. पण याचा साखरेला उपयोग होतो का?

वहिनी: होऊ शकतो. स्वीडनमधला २००९ चा एक अभ्यास आहे, टाइप २ डायबेटिसच्या १३ रुग्णांवर. तीन महिने पॅलिओ आणि तीन महिने डायबेटिसचा नेहमीचा आहार. पॅलिओवर वजन आणि साखर जास्त उतरली. पण माणसं तेराच, आणि त्यांचं रोजचं जेवण आपल्यासारखं नाही. साखर, मैदा, बिस्किटं, तळण एकदम बंद झालं की कुणाचीही साखर उतरते. भाकरीमुळं किती आणि खारीमुळं किती, हे त्यातून कळत नाही.

दादा: मी माझं सांगतो, कारण लपवून उपयोग नाही. हिनं कागद दाखवला त्याच दिवशी मीही सुरू केलं. सकाळी दोन अंडी, दुपारी नुसती भेंडी आणि काकडी. साखरेची गोळी मात्र नेहमीसारखी घेतली. चार वाजता वाळूजला कंपनीत हात थरथरायला लागले, शर्ट घामानं भिजला, समोरचं अंधुक दिसायला लागलं. शेजारच्यानं चहात चार चमचे साखर घालून पाजली तेव्हा पंधरा मिनिटांनी भानावर आलो.

आई: आणि हे मला आज सांगायलास?

वहिनी: आई, रागावू नका, मलाही रात्रीच कळलं. यांची गोळी ग्लिमेपिराइडची आहे. ती घेतली की शरीर इन्सुलिन सोडतं, मग तुम्ही भाकरी खा नाहीतर काकडी. भाकरी काढली आणि गोळी तेवढीच ठेवली, तर साखर खाली जाणारच. कुणीही गोळी किंवा इन्सुलिन घेत असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, मगच ताट बदला. किडनीचा त्रास असेल त्यांनी मटण-अंडी मनानं वाढवू नका. मी हे अगदी हात जोडून सांगतेय.

मी: दादा, माझ्यामुळं झालं हे. कागद टाकताना मला हे सुचायला हवं होतं.

दादा: तुझा काय दोष. मीच न विचारता सुरू केलं.

(सोळा दिवसांनी)

मी: आता माझा हिशोब. पहिले सहा दिवस कागदाप्रमाणं केलं. चहा बंद, भाकरी बंद, वरण बंद. नाश्त्याला अंडी आणि ढोबळी मिरची, जेवायला मासे नाहीतर दोडका, वांगं, कोबी. शेंगदाण्याचं कूट नाही म्हणून भाज्यांना तीळ आणि कारळाचं कूट लावलं. वांग्याला कारळ इतकं छान लागतं हे मला माहीतच नव्हतं. सातव्या दिवशी पोट साफ होईना, डोकं जड. मग वहिनीला विचारून बदल केला.

मी: स्वयंपाकघरातल्या काट्यावर पीठ मोजलं. मी ज्या आकाराची भाकरी थापते तिला ८० ग्रॅम पीठ लागतं. एका वेळी अडीच खायचे, म्हणजे २०० ग्रॅम. आता एकच. आधी वाटीभर पालेभाजी आणि काकडी, मग वरण-भाकरी. दोन तासांनी घरच्या मशिनवर १३४. आषाढीला साबुदाण्याची खिचडी खाऊन मोजली होती तेव्हा १९१ होती. आणि ऐका, साबुदाणा कंदापासूनचा, म्हणून पॅलिओवाले बरेच जण टॅपिओका चालतो म्हणतात. ज्वारी मात्र बंद! तेव्हाच मी ठरवलं, नियम कागदाचा नाही, माझ्या बोटातल्या थेंबाचा.

वहिनी: शाब्बास. पण एका मोजणीवर जाऊ नका. आठवडाभर वेगवेगळ्या जेवणांनंतर मोजा आणि वहीत लिहून ठेवा. खरं उत्तर तीन महिन्यांनी रिपोर्टमध्ये.

मी: वही केलीय. कागदातलं जे घेतलंय ते सांगते. साखर, बिस्किट, खारी, फरसाण पूर्ण बंद, कारण तिथं तो कागद शंभर टक्के बरोबर आहे. भाज्या दुप्पट. वरण, ताक आणि एक भाकरी राहणार. काकांनी पिकवलेली ज्वारी मी सोडणार नाही.

काका (परभणी): माय, बरं वाटलं बघ वाचून. मालदांडीच हाय ती. पीठ फार बारीक दळू नको म्हणजे झालं.

आत्या (अंबाजोगाई): भाज्या दुप्पट करायलीस तर बाजारातल्या कोबी-फ्लॉवरवर नको राहू. श्रावण चाललाय. तांदुळजा, घोळ, कुरडू, पाथरी, करटुलं, तरोट्याचा कोवळा पाला. हे खरं नांगराच्या आधीचं. विकत घ्यायचं कामच नव्हतं, आम्ही बांधावरून पदरात आणायचो.

काका (परभणी): आत्या, आता बांधावरचं उचलताना बघावं लागतं. सोयाबीनमधी तणनाशक मारतेत, वाऱ्यानं बांधावर येतं. तांदुळजा हिरवागार दिसतो अन् दोन दिवसांनी माना टाकतो. पोरी, बाजारात कुणी रानभाजी विकायला बसलं तर कुठल्या रानातली विचारूनच घे. मी विहिरीकडच्या पडीक तुकड्यातली देतो, तिथं पंपच नेत नाही मी.

मी: काका, ऋषीपंचमीला आईकडं येतेय मी. यंदा आत्यांबरोबर धरणार आहे. कुरडू कधी केला नाही, कसा करायचा?

आत्या (अंबाजोगाई): कोवळी पानंच घे, फुलाचा तुरा आला की चोथट होतो. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकून पाणी काढ. कढईत तेल कमी, लसूण ठेचून, हिरवी मिरची, वर ही पानं. झाकण नको ठेवू, रंग जातो. एरवी मुगाची डाळ घालतेत, पंचमीला मात्र डाळ नाही अन् लसूणही नाही.

काका (परभणी): शनिवारी सकाळच्या एसटीनं माझा पोरगा यायलाय. पिशवी देतो त्याच्याजवळ. तांदुळजा ओल्या फडक्यात गुंडाळायला सांग तुझ्या आईला, करटुली उघडीच ठेवा.