प्रिन्स्टनच्या दफनभूमीत आई-वडिलांना घेऊन जायचे आहे. आवर्जून काय दाखवावे?

पायवाट:
नमस्कार. पुढच्या महिन्यात माझे आई-वडील आमच्याकडे न्यू जर्सीला येत आहेत. वडिलांनी तीस वर्षे महाविद्यालयात गणित शिकवले आहे आणि तर्कशास्त्रज्ञ कुर्ट गोडेल प्रिन्स्टनला चिरविश्रांती घेत आहेत हे कळल्यापासून ते प्रत्येक फोनवर त्याच गावाची चौकशी करतात. आइन्स्टाइनची समाधीही तिथेच असणार, असे ते धरून चालले आहेत. आईला मात्र स्मशानात हौसेने फिरायला जाणे ही कल्पनाच रुचत नाही. वडिलांचे गुडघे दुखतात, त्यामुळे दोन-अडीच तासांत काय बघून होईल आणि आईला तिथे नेणे योग्य ठरेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दगडफूल:
आइन्स्टाइनबद्दल वडिलांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे तिथे पोहोचल्यावर हिरमोड होणार नाही. १८ एप्रिल १९५५ रोजी त्यांचे निधन झाले, त्याच दिवशी त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन झाले आणि रक्षा विखुरण्यात आली. आपल्या नावाचे तीर्थक्षेत्र होऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते. मर्सर स्ट्रीटवरचे त्यांचे घर बाहेरून पाहता येते.

दफनभूमी विदरस्पून स्ट्रीटवर, भर गावात आहे. १७५७ पासूनची ही जागा बागेसारखी राखलेली असून दिवसा कोणालाही मोकळेपणाने जाता येते. आगगाडीने आलात तर प्रिन्स्टन जंक्शनला उतरून ‘डिंकी’ नावाच्या छोट्या गाडीने गावात यावे लागते आणि पुढे विद्यापीठाच्या आवारातून बरेच चालणे होते. गुडघे दुखत असतील तर मोटारच बरी.

गोडेल यांच्यापाशी मात्र घाई करू नका. दगडावर आडेल आणि कुर्ट या पतिपत्नींची नावे व साले आहेत. १९३१ साली ज्याने गणिताच्या पायाबद्दलची खात्रीच हलवून टाकली, त्या माणसाचे नाव वाचताना मीही तिथे बराच वेळ उभा राहिलो होतो. अन्नातून आपल्यावर विषप्रयोग होईल या भीतीने ते शेवटी पत्नीच्या हातचेच काय ते खात. ती इस्पितळात गेली आणि त्यांचे खाणे सुटले. जानेवारी १९७८ मध्ये ते गेले तेव्हा त्यांचे वजन तीस किलोही नव्हते. ही हकिकत माहीत असली की दगडावर आडेलचे नाव शेजारी पाहून फार बरे वाटते. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन (मृत्यू १९५७), भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणारे युजीन विग्नर, तर्कशास्त्रज्ञ अलोन्झो चर्च आणि संगणकशास्त्राला ‘बिट’ हा शब्द देणारे संख्याशास्त्रज्ञ जॉन टूकी हेही याच आवारात आहेत. गणिताच्या शिक्षकाला एवढ्यावरच दिवस सार्थकी लागल्यासारखे वाटेल.

जुन्या भागात, पुढे प्रिन्स्टन विद्यापीठ झालेल्या महाविद्यालयाच्या सुरुवातीच्या अध्यक्षांची थडगी ओळीने आहेत. १८०४ च्या द्वंद्वयुद्धात अमेरिकेचे पहिले अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांना ठार मारणारा उपराष्ट्राध्यक्ष एरन बर तिथेच, आपल्या वडिलांच्या आणि आजोबांच्या पायथ्याशी आहे. राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांचे थडगेही याच आवारात आहे.

रारितनकाठ:
दगडफूल यांनी सांगितले ते सारे योग्यच आहे, तरी एक नाव राहून गेले आणि माझ्या मते ते पहिल्या दोनांत यायला हवे. जेम्स कॉलिन्स जॉन्सन हा मेरीलँडमधून १८३९ साली गुलामीतून पळून प्रिन्स्टनला आला आणि महाविद्यालयात खोल्या झाडण्याचे, शेगड्या पेटवण्याचे काम करू लागला. १८४३ साली एका विद्यार्थ्याने त्याला ओळखले, तो पकडला गेला आणि मालकाच्या बाजूने निकाल लागला. तेव्हा गावातल्या एका बाईंनी पैसे भरून त्याला सोडवले आणि पुढे कित्येक वर्षे कष्ट करून त्याने ती रक्कम फेडली. त्यानंतर आयुष्यभर तो त्याच आवारात खाऊ आणि फळे विकत राहिला. १९०२ साली तो वारल्यावर माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून दगड बसवला, त्यावर त्याला ‘विद्यार्थ्यांचा मित्र’ म्हटले आहे. जिथे अध्यक्षांच्या ओळीत स्वतः गुलाम बाळगणारे विदरस्पूनही आहेत, तिथे जॉन्सनला न भेटता परत फिरणे मला पटत नाही. गायक पॉल रोबसन यांचे आई-वडीलही इथेच आहेत. वडील तरुणपणी गुलामीतून निसटून आलेले होते. प्रवेशद्वारापाशी नकाशा पाहून घ्या, नाहीतर बराच वेळ शोधण्यात जातो.

चाफेकळी:
आपल्या आईंसाठी मी वेगळेच गाव सुचवते. न्यू यॉर्कहून हडसनच्या काठाने वर गेले की व्हॅसर महाविद्यालयाचे पकिप्सी लागते. तिथल्या दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांची रक्षा आहे. १८८३ साली त्या अमेरिकेत आल्या तेव्हा न्यू जर्सीतल्याच रोझेल गावी थिओडिसिया कार्पेंटर यांच्या घरी राहिल्या; त्यांना त्या मावशी म्हणत. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर होऊन त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच गेल्या. रक्षा साता समुद्रांपलीकडे मावशींकडे पाठवण्यात आली आणि त्यांनी ती आपल्या घरच्या माणसांत ठेवली. मी गेले तेव्हा दगडावर पाने साचली होती. ती हाताने बाजूला केल्यावर ‘जोशी’ हे आडनाव इंग्रजी अक्षरांत दिसले आणि मला पुढचे वाचवेना. जागा पटकन सापडत नाही, म्हणून आधी कार्यालयात विचारून घ्यावे.

पायवाट:
सर्वांचे मनापासून आभार. आइन्स्टाइनचे ऐकून वडील क्षणभर गप्प झाले आणि मग “त्यांनी केले ते बरोबरच केले” म्हणाले. त्यांच्यासाठी प्रिन्स्टनचा शनिवार ठरला आहे. गोडेल आणि जॉन्सन आधी, पाय चालले तर बाकीचे. आनंदीबाईंबद्दल आईला फोनवर वाचून दाखवले. स्मशानाचा विषय तिने पुन्हा काढला नाही. फक्त तिथे फुले वाहू देतात का, एवढे विचारून घ्यायला सांगितले आहे. चाफेकळी, आपल्याला ठाऊक असल्यास कृपया कळवावे.

चाफेकळी:
मी शेवंतीची चार फुले ठेवली होती, कोणी हरकत घेतली नाही. आईंना जरूर न्या.