डिझेल गाडीत ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय, मदत हवी आहे

मंडळी, गाडी २०२१ ची, बीएस-६ डिझेल. सर्व्हिसनंतर जेमतेम १,८०० किलोमीटर झालेत आणि ऑइल मॅक्सच्या खुणेच्या बोटभर वर! भरलं तेव्हा बरोबर खुणेवर होतं, मी स्वतः बघितलंय. मोजतो ते इंजिन थंड असताना, खळ्यातल्या त्याच सपाट जागेवर.

डिपस्टिक पुसलेल्या फडक्याला डिझेलचा वास येतो. ऑइल दोन बोटांत चोळलं तर अंगच नाही त्याला. दुधाळ मात्र झालेलं नाही आणि कूलंटही जागच्या जागी आहे, म्हणजे पाणी शिरलं नसावं.

आमचा मेकॅनिक म्हणतो, "गाडी ऑइल खाणा नाय ह्या बरा ना!" सर्व्हिसवाले थेट इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) बदला म्हणतायत, तेही चारही. आंब्याचा सीझन कसा गेला ते विचारू नका, अंदाजाने एवढा खर्च झेपणार नाही.

वापर म्हणाल तर जामसंडे ते देवगड बंदर, चार-पाच किलोमीटर, दिवसाला तीन-चार फेऱ्या. मे महिन्यात डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा दोनदा लागला होता. एकदा बंदरावर चावी काढली तरी पंखा घोंघावत होता आणि खालून करपल्यासारखा वास. याचा संबंध असेल का?

प्रतिसाद:
तोच संबंध दिसतोय. तो पंखा म्हणजे अर्धवट तुटलेलं रीजन, म्हणजे डीपीएफची सफाई. त्यातली काजळी जाळायला गाडी सिलिंडरमध्ये नेहमीच्या फवाऱ्यानंतर उशिरा जादा डिझेल सोडते, त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून सम्पमध्ये, म्हणजे खालच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतं. तुमच्या फेरीत रीजन पुरं होतच नाही, मग पुन्हा सुरू, पुन्हा डिझेल.

आधी ऑइल आणि फिल्टर बदला. वरचं तेवढं काढून भागणार नाही, उरलेलंही पातळच आहे. तोवर गाडी चालवू नका, वाढलेलं ऑइल ब्रीदरच्या नळीतून ओढलं जाऊन इंधनासारखं जळायला लागलं तर इंजिन चावी काढूनही थांबत नाही. नंतर आठवड्यातून एकदा लांब नांदगाव तिठ्यापर्यंत एका दमात जाऊन या, म्हणजे रीजन पुरं होईल. तरीही पातळी चढली, तर इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवर एकेक तपासून घ्या. चारांतला एखादाच गळका असू शकतो. आणि शेवटचं रीजन किती किलोमीटरपूर्वी पुरं झालं, ते स्कॅनरवर दाखवायला सांगा.

मूळ प्रश्नकर्ता:
स्कॅनर कोणी लावलाच नव्हता! उद्या टो करून नेतो, आकडा कळवतो.